‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ आणि माझे ४१ रेफरन्स

१२ जानेवारीला रात्री साडेअकराला माझ्या थीसिसवरून केलेल्या मेडिकल पेपरच्या डिस्कशनचं शेवटचं वाक्य टाइप केलं, फाइलला ‘फायनल’ नाव दिलं (पुढे तिला ‘फायनल२’, ‘फायनल_खरी’ अशी चौदा भावंडं झाली) आणि को-ऑथर्सच्या ग्रुपवर टाकलं की आता फक्त रेफरन्स (कुठली माहिती कुठल्या पेपरमधून घेतली त्याची यादी) नीट करायचेत, दोन दिवसांत सबमिट करू. सबमिट झाला ३ मार्चला. मधले सात आठवडे त्या ‘फक्त’मध्ये गेले. ज्यांचा पहिलाच पेपर आहे आणि जे आत्ता रात्री जागून कॉमा मोजतायत त्यांच्यासाठी हे सगळं झालं तसं लिहून ठेवतेय, माझ्या चुकांसकट.

मूळ थीसिसमध्ये ११२ रेफरन्स होते, सगळे हाताने टाइप केलेले, काही सीनियरच्या थीसिसमधून आलेले, काही कुठून आले ते आता मलाही आठवत नाही. जर्नलची मर्यादा ४५ होती. कात्री लावायला दोन संध्याकाळी लागल्या आणि खरं सांगायचं तर ते काम जड गेलं नाही, कारण एकाच वाक्याला सहा-सहा रेफरन्स लावले होते, सगळं वाचलंय असं दिसावं म्हणून. प्रत्येक वाक्याला एक किंवा दोन ठेवले आणि ४१ उरले.

मग जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडल्या. त्यात रेफरन्सबद्दल एवढंच की व्हँकुव्हर स्टाइल वापरा. मला बरेच दिवस व्हँकुव्हर हे कोणा माणसाचं आडनाव वाटत होतं. ते कॅनडातलं शहर. १९७८ मध्ये काही मेडिकल जर्नल्सचे संपादक तिथे भेटले आणि मॅन्युस्क्रिप्ट कसं असावं याचे एकसारखे नियम करायचं ठरलं, ते १९७९ मध्ये पहिल्यांदा छापले गेले, रेफरन्स लिहायची पद्धत अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं तयार केली, आणि त्या गटाचीच पुढे मेडिकल जर्नलच्या संपादकांची आयसीएमजेई ही कमिटी झाली. सगळ्यांचं एकसारखं व्हावं म्हणून काढलेल्या या स्टाइलचे आज जर्नलागणिक इतके पोटभेद आहेत की हसावं का रडावं कळत नाही. कोणाला नंबर चौकटी कंसात हवा, कोणाला वर चढवलेला छोटा. कोणी सगळे ऑथर मागतं, कोणी पहिले सहा आणि मग ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’). कोणाला डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-नंबर) हवाच, कोणाला नकोच. यावर मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे त्याच जर्नलचे गेल्या दोन-तीन महिन्यांतले पेपर काढायचे आणि त्यांची रेफरन्स लिस्ट शेजारी उघडी ठेवायची. सूचना कधीतरी जुन्या असतात, छापलेला पेपर खोटं बोलत नाही.

पहिली यादी मी हातानेच केली. २० जानेवारीला संपली. २१ ला सरांचा मेल, ‘छान झालंय, इंट्रोडक्शनच्या दुसऱ्या वाक्यात हा एक रेफरन्स घाल’. व्हँकुव्हरमध्ये नंबर कसे पडतात, तर मजकुरात जो आधी आला त्याला आधीचा नंबर. म्हणजे नवा पाहुणा तिसऱ्या जागी बसला की मागचे सगळे एकेक घर पुढे. मी फाइंड-रिप्लेस करायला बसले. ३ चा ४ केला, ४ चा ५ केला, आणि त्यात मगाशी ४ झालेला ३ पण ५ झाला, असं करत मी बारापर्यंत गेले तेव्हा लक्षात आलं की आता पहिल्या पानावर सगळीकडे बाराच आहे. नशीब नंबर चौकटी कंसात होते म्हणून औषधांचे डोस तरी वाचले. (हातानेच करायचं असेल तर मोठ्या नंबरापासून उलटं यायचं असतं. पण हाताने करू नकाच.)

त्या रात्री झोटेरो डाउनलोड केलं, म्हणजे रेफरन्स साठवून वर्डमध्ये नंबर आणि यादी आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, २००६ पासून आहे. मेंडेली पण फुकट मिळतं, एंडनोट विकतचं. कुठलं चांगलं यावर लोक भांडत बसतात, माझं मत एवढंच की कुठलंही घ्या पण पेपरवर काम करणाऱ्या सगळ्यांनी एकच घ्या. या सगळ्या प्रकरणात माझा पैसा एकही गेला नाही, गेले ते रविवार.

यादी आत घालणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. झोटेरोत जादूच्या कांडीचं चित्र असलेलं बटण आहे, त्यात पेपरचा डीओआय किंवा पबमेडवरचा (मेडिकल पेपर शोधायची साइट) पीएमआयडी नंबर टाकला की सगळी माहिती आपोआप येते, एकावेळी बरेच नंबर टाकले तरी चालतात. ज्या रेफरन्सला काहीच नंबर नव्हता त्यांच्यासाठी पबमेडचं सिंगल सायटेशन मॅचर वापरलं, जर्नल, वर्ष, पहिलं पान एवढं टाकलं तरी पेपर सापडतो. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं पण एक पान आहे, तिथे आख्खी रेफरन्स लिस्ट चिकटवली की जे जुळतात त्यांचे डीओआय मिळतात. ४१ पैकी ३६ एका दुपारीत आत आले. उरलेले पाच म्हणजे पुस्तकातले चॅप्टर, गाइडलाइन आणि एक रिपोर्ट, ते हाताने भरले.

मग वर्डमध्ये यादी काढली आणि बघते तर विसाव्या रेफरन्सला ऑथरचं नाव ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’. दोन मिनिटं मी खरंच विचार करत होते हा कोण. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन! सॉफ्टवेअरला वाटलं ऑर्गनायझेशन हे आडनाव आणि वर्ल्ड हेल्थ ही नावं, मग नियमाप्रमाणे त्यानं त्यांची आद्याक्षरं केली. उपाय सोपा आहे, नावाच्या शेजारी छोटं बटण असतं त्यानं दोन रकान्यांचा एक रकाना होतो, संस्थेचं नाव नेहमी एकाच रकान्यात टाकायचं. तुमच्या यादीत एखादी संस्था ऑथर असेल तर आत्ता जाऊन बघा, मी थांबते.

अशा बारीकसारीक गोष्टी खूप निघाल्या. जुन्या पेपरांची टायटल सगळी कॅपिटलमध्ये, काहींचा प्रत्येक शब्द कॅपिटल. टायटलवर राइट क्लिक करून सेंटेन्स केस करता येतं पण नंतर नजर फिरवावीच लागते, देशांची नावं आणि एचआयव्हीसारखी अक्षरं शाबूत आहेत ना ते बघायला. जर्नलचं नाव छोटं करून द्यायचं असतं, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन असेल तर ‘एन इंग्ल जे मेड’, आणि लॅन्सेटसारखं एका शब्दाचं नाव असेल तर तसंच ठेवायचं. ही छोटी रूपं मी मनाने करत होते, ते चूक, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक जर्नलचं ठरलेलं रूप मिळतं. आणि झोटेरोच्या वर्डमधल्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये मेडलाइनची (त्याच लायब्ररीचा डेटाबेस) छोटी नावं वापरा असा टिकमार्क आहे जो मला तिसऱ्या आठवड्यात दिसला. तोपर्यंत अठ्ठावीस नावं मी हाताने केली होती. असो.

आमच्या मॅडमनी एके दिवशी फोन करून विचारलं, अगं प्रिस्माच्या रेफरन्सला पान नंबरच्या जागी ‘एन७१’ काय लिहिलंयस, टायपो आहे का. टायपो नाही. बऱ्याच ऑनलाइन जर्नल्सना आता पानं नसतातच, लेखाचा नंबर असतो, २०२१ च्या बीएमजे जर्नलमधल्या प्रिस्माचा (सिस्टेमॅटिक रिव्ह्यू कसे लिहावेत याची मार्गदर्शक तत्त्वं) तोच नंबर आहे. मॅडमना पटलं, मला मात्र धास्ती बसली आणि मी सगळ्यांची पानं परत तपासली. त्यात सापडलं की स्ट्रोबची (निरीक्षणात्मक अभ्यास कसे लिहावेत याची) मार्गदर्शक तत्त्वं माझ्या यादीत दोनदा आहेत, एकदा लॅन्सेटमधली आणि एकदा प्लॉस मेडिसिनमधली. २००७ मध्ये ती मुद्दामच अनेक जर्नल्समध्ये छापली गेली त्यामुळे दोन्ही खरीच, पण एकाच गोष्टीला दोन नंबर कशाला. अजून एक पेपर दोनदा होता, एकदा छापायच्या आधी ऑनलाइन आला तेव्हाचा, व्हॉल्यूम आणि पानं नसलेला, वर्ष पण आधीचं, आणि एकदा पूर्ण छापलेला. असे जुळे सापडले तर एक डिलीट करू नका, मर्ज करा, नाहीतर वर्डमधल्या नंबराचा धागा तुटतो.

इथपर्यंतचं सगळं कॉमा-टिंबांचं काम. खरा घाम फुटला तो पुढे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरवलं की प्रत्येक रेफरन्सचा पेपर उघडायचा आणि मी जे वाक्य लिहिलंय ते त्यात आहे का बघायचं. रोज रात्री चार-पाच. नववा रेफरन्स उघडला, तर ज्या वाक्याला तो लावला होता ते वाक्य तिथे होतं पण त्यांनी स्वतः काही मोजलं नव्हतं, दुसऱ्या पेपरचा हवाला दिला होता. तो उघडला, त्यात तिसऱ्याचा हवाला. तिसरा उघडला तर त्यात आकडा वेगळा आणि पेशंट वेगळे, लहान मुलं होती, आमचा अभ्यास प्रौढांवरचा. ते वाक्यच काढून टाकलं. अशा न तपासता लावलेल्या हवाल्यांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं होतं, हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या आणि नार्कोटिक औषधं मिळालेल्या पेशंटमध्ये व्यसन लागल्याच्या नोंदी फार थोड्या आहेत असं सांगणारं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कोणीतरी मोजून दाखवलं की ते पत्र ६०८ वेळा साइट झालंय (म्हणजे रेफरन्स म्हणून वापरलं गेलंय), त्यातल्या ४३९ जणांनी ते व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरलंय आणि ४९१ जणांनी हे लिहिलंच नाही की ते पेशंट हॉस्पिटलात दाखल होते. हे मला आधीपासून माहीत होतं, जर्नल क्लबमध्ये कोणीतरी सांगितलं होतं, तेव्हा मी मान पण डोलावली होती. आणि माझा नववा रेफरन्स तसाच.

सव्विसाव्या नंबरवर तर झोटेरोनं लाल पट्टी दाखवली, हा पेपर रिट्रॅक्ट झालाय म्हणून. पबमेडवर जाऊन बघितलं, खरंच, दोन वर्षांपूर्वीच मागे घेतलेला. थीसिसमध्ये तो होता आणि थीसिस तर पास होऊन कपाटात गेलाय. लाज वाटली. आयसीएमजेईच्या शिफारशीत स्पष्ट आहे की मागे घेतलेला लेख आपण साइट करत नाही ना हे बघणं ऑथरचं काम, मागे घेतल्याबद्दलच बोलायचं असेल तर गोष्ट वेगळी.

त्याच सुमारास आमच्या ज्युनियरनं लिमिटेशन्ससाठी तीन ‘मस्त रेफरन्स’ पाठवले. फॉरमॅट इतका चोख की मला संशयच आला, कारण माणसाच्या यादीत एवढी शिस्त नसते. एकाचा डीओआय उघडला तर भलत्याच विषयाचा पेपर, दुसऱ्याचा डीओआय उघडतच नाही, तिसरा तेवढा खरा. विचारलं तर म्हणाला, ताई चॅटबॉटला विचारलं होतं. रागावले नाही, त्याच्या वयात मी सीनियरच्या थीसिसमधून उचलत होते, त्यात आणि यात फार फरक आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

१९ फेब्रुवारीला सगळं तयार होतं. २० ला एका को-ऑथरनं फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली, दोन ओळी सुधारल्या, परत वर्डमध्ये उतरवून पाठवली, आणि त्यात सगळे सायटेशन मेले. म्हणजे नंबर दिसतायत पण त्यांच्या मागचा कोड गायब, नुसता मजकूर. झोटेरोत फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची वेगळी सोय आहे ती वापरायची असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यांना तर नव्हतंच. त्यांच्या दोन ओळी मी माझ्या जुन्या फाइलमध्ये हाताने घातल्या, पण त्याआधी चार तास ‘नक्की काय बदललंय’ हे शोधण्यात गेले. तेव्हापासून नियम केला की जिवंत कोडवाली फाइल एकटी माझ्याकडे, बाकीच्यांना पीडीएफ, सुधारणा कॉमेंटमध्ये सांगा. थोडं हुकूमशाही वाटतं पण कोणी भांडलं नाही.

३ मार्चला सबमिट. सबमिट करण्याआधी फाइलची एक कॉपी करून त्या कॉपीत सगळं सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबलं, त्यानं कोड जाऊन साधा मजकूर उरतो, नाहीतर पोर्टलवर पीडीएफ बनताना कधीकधी गडबड होते. मूळ फाइल जपून ठेवायची, हे दोनदा सांगते, मूळ फाइल जपून ठेवायची.

अकरा दिवसांनी परत आली. रिव्ह्यूपर्यंत पोचलीच नव्हती, टेक्निकल चेकमध्येच अडकली. कारण एकच ओळ, रेफरन्स क्रमाने नाहीत. मी तीनदा तपासलं, मजकुरात क्रम बरोबर. मग कळलं की भानगड टेबलची आहे. टेबल दोनमध्ये पाच रेफरन्स होते जे फक्त टेबलमध्येच येतात, आणि टेबलं जर्नलच्या नियमानं मॅन्युस्क्रिप्टच्या शेवटी, त्यामुळे सॉफ्टवेअरनं त्यांना शेवटचे नंबर दिले, ३६ ते ४० (एव्हाना काही गळून, काही भर पडून यादी चाळिसावर आली होती). नियम असा की टेबलचा उल्लेख मजकुरात जिथे पहिल्यांदा येतो तिथले नंबर त्यांना मिळायला हवेत. मग युक्ती केली, टेबल उचलून मजकुरात उल्लेखाच्या खाली आणून ठेवलं, रिफ्रेश केलं, नंबर बरोबर पडले, मग कॉपी करून कोड काढले आणि त्या कॉपीत टेबल परत शेवटी नेऊन ठेवलं. वीस मिनिटांचं काम, पण ते सुचेपर्यंत दोन दिवस.

९ मे ला रिजेक्ट. नम्र पत्र होतं, दोन रिव्ह्यूअरचे चांगले शेरे पण होते. तीन-चार दिवस फाइल उघडली नाही. मग दुसरं जर्नल बघितलं तर तिथे एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशनची) स्टाइल. जानेवारीत हे वाचून मी रडले असते. आता झोटेरोत स्टाइल बदलली आणि अर्ध्या मिनिटात चाळीसच्या चाळीस रेफरन्सनी कपडे बदलले. ऑथर सहाच्या वर असतील तर पहिले तीन आणि ‘एट अल’, जर्नलचं नाव तिरकं, पानं २८४-७ च्या जागी २८४-२८७ अशी पूर्ण. फक्त एक गोष्ट सॉफ्टवेअर करत नाही. पहिल्या जर्नलला नंबर पूर्णविरामाच्या आधी कंसात होता, एएमएत तो वर चढतो आणि पूर्णविराम-कॉमाच्या नंतर येतो, पण कोलन आणि सेमीकोलनच्या मात्र आधी. ती जागा आपणच हलवायची. सत्तावन्न ठिकाणं होती, एक संध्याकाळ. आणि हो, बरीच जर्नल्स आता पहिल्या सबमिशनला कुठलीही एकसारखी स्टाइल चालवून घेतात, तेव्हा आधी ते वाचा, मी वाचलं नव्हतं, या जर्नलला चाललं असतं.

२२ मे ला सबमिट, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू आले. एका रिव्ह्यूअरनं चार पेपर ‘विचारात घ्यावेत’ असं सुचवलं, चारही एकाच गटाचे, आता ते कोण असतील ते तुम्हीच ओळखा. सर म्हणाले, घालून टाक, कशाला वाद. मी चारही वाचले. एक खरंच कामाचा होता, तो घातला. बाकी तिघांबद्दल उत्तरात लिहिलं की आमच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही म्हणून घेतलेले नाहीत, आभार. छातीत धडधडत होतं. संपादकांनी त्यावर काही म्हटलं नाही आणि १८ सप्टेंबरला ॲक्सेप्ट झाल्याचा मेल आला.

प्रूफ ऑक्टोबरमध्ये आलं, तपासायला ४८ तास. समासात प्रश्न असतात, माझ्याकडे सात होते, त्यातले पाच रेफरन्सचे. अमुक रिपोर्टची लिंक कोणत्या तारखेला बघितली (लिहून ठेवत जा, मला आठवत नव्हती, परत उघडून त्या दिवसाची टाकली), तमुक पेपर आता छापून आलाय का, असला तर व्हॉल्यूम द्या. दोन ठिकाणी जर्नलच्या माणसांनी स्वतःच सुधारलं होतं आणि एका ठिकाणी सुधारताना ‘व्हॅन’ असलेल्या डच आडनावाचे दोन तुकडे केले होते, ते मी परत जोडले. ३९ तासांत पाठवलं.

नोव्हेंबरमध्ये पबमेडवर आमचा पेपर दिसला. तिथे प्रत्येक लेखाशेजारी ‘साइट’ नावाचं बटण असतं, मी ते वर्षभरात शेकड्यानं दाबलं होतं, आता आपल्याच पेपरवर दाबलं. एएमए स्टाइलमध्ये ओळ उघडली. आमची नावं, टायटल, जर्नल, आणि पुढे व्हॉल्यूम नाही, पान नाही, नुसतं ‘पब्लिश्ड ऑनलाइन’ आणि तारीख. ज्यांच्यामुळे मी फेब्रुवारीत कपाळाला हात लावत होते अगदी तसला अर्धवट रेफरन्स. ज्युनियरला स्क्रीनशॉट पाठवला तर त्याचं उत्तर आलं, ताई मी आत्ताच माझ्या झोटेरो लायब्ररीत ओढून घेतला.